अठरा ते तीस : मोजणीतून सुटलेली बारा वर्षे

भरतीच्या सरावात धावताना किंवा लग्नाच्या वरातीत नाचताना पंचविशीतला एखादा मुलगा कोसळल्याची बातमी आली, की आपल्याकडे आठ-दहा दिवस तोच विषय चालतो. पारावरचे वडीलधारे म्हणतात, जागरण, वडापाव आणि मोबाइल यांनी ही पिढी पोखरली. आमच्या वेळी बीपी हा शब्द म्हातारपणी कानावर पडायचा. स्वतःला चिकित्सक वृत्तीचे समजणारे म्हणतात, हे सगळे औषध कंपन्यांनी उठवलेले भूत आहे. मशिने वाढली म्हणून बीपी वाढला. तिसरा कोणी करोनाच्या लसीवर सगळे ढकलून मोकळा होतो. कोसळलेल्या मुलाचा रक्तदाब त्याच्या हयातीत कोणी कधी मोजला होता का, हे मात्र या भांडणात कोणीच विचारत नाही.

मुळात चर्चेची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. तरुणांच्या अचानक मृत्यूंमागे अनेकदा हृदयाच्या स्नायूतला आनुवंशिक दोष, ठोक्यांच्या लयीतला बिघाड किंवा अकाली झालेला रक्तवाहिन्यांचा आजार असतो. नुसता वाढलेला रक्तदाब पंचविशीतल्या माणसाला सहसा तडकाफडकी मारत नाही. तो वीस वर्षे वाट पाहतो आणि पंचेचाळिशीत अर्धांगवायू, हृदयविकार किंवा निकामी मूत्रपिंड होऊन समोर येतो, तेव्हा त्याची बातमी होत नाही. म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. तरुणांमधला उच्च रक्तदाब ही नवी, शहरी किंवा चैनीची व्याधी नाही. तो आज वाढला की काल, यापेक्षा तो आधीपासूनच दुर्लक्ष करता येणार नाही इतका आहे आणि आपली व्यवस्था नेमकी त्याच वयात मोजायचे थांबते, हा खरा प्रश्न आहे. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. रक्तदाब-मधुमेहाची गावपातळीवरची तपासणी तिशीपासून सुरू होते. मधली बारा वर्षे, गरोदर बाई सोडली तर, कोणाच्याच नेहमीच्या वहीत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी, ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याकडे निघायला चार दिवस उरले असताना, बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या सभामंडपात तपासणी चालली होती. आशाताईंच्या हातात तिशीपुढच्यांची यादी, उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी बाईंसमोर दंडाला पट्टा बांधायचे यंत्र. एक मुलगा दोस्तांच्या नादाने पुढे झाला. "ताई, माजं बी बघा की." ताई म्हणाल्या, "तीस झाली का तुला? मग बस तिकडं." तो तेवीस वर्षांचा. हसण्यावारी दंड पुढे केला आणि यंत्रावर १६४/१०८ आले. १४०/९० पासून पुढे दाब वाढलेला धरतात. "मशीन बिघडली," कोणीतरी म्हणाले. बाई हुशार होत्या. त्यांनी त्याच्या गालातली तंबाखू थुंकायला लावली, चूळ भरायला लावली, अर्धा तास खांबाला पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून, न बोलता बसवले आणि पुन्हा मोजले. १५६/१०२. आता हे लिहायचे कुठे? यादीत तिशीच्या आतल्याला रकाना नव्हता. ताईंनी आपल्या डायरीच्या शेवटच्या पानावर त्याचे नाव आणि दोन्ही आकडे लिहिले. एवढ्यात लिंबाखाली बसलेले त्याचे वडील उठून आले. "ताई, हे कुठं लिहू नका. पोरीकडचे बघायला यायलेत."

हा एकटा अपवाद होता का? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात देशभरातल्या सुमारे १३ लाख प्रौढांची मोजमापे एकत्र केली होती. त्यात १८ ते २५ या वयोगटातल्या १२.१ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला. म्हणजे आठांत एक. ही मोजमापे २०१२ ते २०१४ या काळातली आहेत, हे नीट लक्षात घ्यावे. तेव्हा करोना नव्हता, लस नव्हती आणि स्वस्त इंटरनेट खेड्यात पोहोचायला २०१६ उजाडावे लागले. मग त्या आठांतल्या एकाचा रक्तदाब कोणत्या मोबाइलने वाढवला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीतल्या, म्हणजे २०१५-१६ मधल्या, १५ ते ४९ वयाच्या सात लाखांहून अधिक लोकांच्या मोजमापांचे असेच विश्लेषण झाले. त्यात १८.१ टक्के लोकांना उच्च रक्तदाब होता. त्यांतल्या ४४.७ टक्के लोकांनाच त्याची कल्पना होती, १३.३ टक्के उपचार घेत होते आणि आटोक्यात होता तो केवळ ७.९ टक्क्यांचा. शंभर रुग्णांतल्या आठांचासुद्धा नाही.

येथे वडीलधाऱ्यांच्या बाजूने एक पुरावा हमखास पुढे केला जातो: चौथ्या पाहणीपेक्षा पाचव्या पाहणीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, आकडा बराच फुगला. पाचवीत पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत २१.३ टक्के लोक वाढलेल्या दाबाचे किंवा औषध घेणारे निघाले, हे खरे. पण चौथीच्या सारांशपत्रकातला आकडा १५ ते ४९ वयाचा आहे आणि पाचवीतला पंधराच्या पुढच्या सगळ्यांचा, आजी-आजोबांसह. ही तुलना म्हणजे गेल्या वर्षी नुसती शाळा मोजायची, यंदा सगळे गाव मोजायचे आणि लोकसंख्या वाढली म्हणून बोंब मारायची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने विसाच्या पुढच्यांत ३५.५ टक्के सांगितले. तिथे वयोगटही वेगळा, पद्धतही वेगळी. १९७५ ते २०१५ या चाळीस वर्षांत श्रीमंत देशांतला सरासरी रक्तदाब उतरला आणि दक्षिण आशियातला चढला, हे जागतिक पातळीवरच्या मोजमापांवरून दिसते. पण ही चढण सावकाश आहे. 'या पिढीत अचानक' असे म्हणायला त्यात आधार नाही.

चिकित्सकांच्या बाजूला मात्र खरा दम आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एका बैठकीत मोजलेल्या दाबावर कोणालाही रोगी ठरवता येत नाही. पांढरा डगला पाहून दाब चढतो, चहा आणि तंबाखूने चढतो, जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी आकडा खोटा वाढतो. २०१७ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी निदानाची रेषा १४०/९० वरून १३०/८० वर आणली, तेव्हा तिथल्या रुग्ण म्हणवणाऱ्या प्रौढांचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांच्या आसपास गेले. माणसांच्या रक्तवाहिन्यांत तसूभर बदल न होता. आणि शिक्का बसण्याला किंमत असते. कॅनडातल्या हॅमिल्टन येथील पोलाद कारखान्यात १९७०च्या दशकात कामगारांची तपासणी झाली, तेव्हा ज्यांना 'तुम्हाला रक्तदाब आहे' असे सांगण्यात आले त्यांच्या गैरहजेऱ्या लक्षणीय वाढल्या. आजार पूर्वीही होता. माणसे आजारी झाली ती शब्दाने. सभामंडपातल्या त्या वडिलांना हा अभ्यास ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरी त्यांना नेमके हेच भय होते.

तरीही हिशेब मांडून पाहू. वर दिलेले १२.१ आणि १८.१ हे आकडे १३०/८० च्या नव्या रेषेचे नाहीत, जुन्या १४०/९० चे आहेत. त्यामुळे रेषा हलवल्याचा आक्षेप त्यांना लागत नाही. एका बैठकीतले मोजमाप म्हणून त्यातले निम्मे खोटे धरले, तरी हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात साठ मुले उरतात. साठ मुलांना क्षयरोग असता, तर 'यंत्रे वाढली म्हणून क्षय वाढला' असे कोणी म्हटले असते का? शिक्क्याच्या भीतीवरचा उपाय न मोजणे हा असेल, तर त्याचा परिणाम आपण भरतीच्या मैदानावर पाहतोच. गावाकडच्या मुलाच्या दंडाला पट्टा पहिल्यांदा बांधला जातो तो नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, म्हणजे जिथे आकड्यावर त्याचे भवितव्य टांगलेले असते तिथे. म्हणून तो आकडा फसवायला शिकतो. तपासणीच्या सकाळी घरातल्या म्हाताऱ्याच्या डब्यातली गोळी मागून घेणारी मुले मी पाहिली आहेत. तीच मुले विसाव्या वर्षी, काहीही पणाला लागलेले नसताना मोजली गेली असती, तर त्यांच्या हातात चार-पाच वर्षे असती.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. रक्तदाब उतरवल्याने प्राण वाचतात हे ज्या मोठ्या चाचण्यांनी सिद्ध केले, त्या प्रामुख्याने मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांवर झाल्या. विशीतल्या मुलाला आयुष्यभराची गोळी द्यावी, असा थेट पुरावा तुटपुंजा आहे. येत्या दहा वर्षांतला त्याचा धोका खरोखरच कमी असतो. मग आत्ताच घाई कशाला?

कारण हेच वाक्य वैद्यकशास्त्राने एकदा उलट्या दिशेने म्हणून पाहिले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नामांकित डॉक्टरसुद्धा मानत, की कडक झालेल्या धमन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी वाढलेला दाब शरीराला आवश्यकच असतो. 'इसेन्शियल हायपरटेन्शन', म्हणजे शब्दशः 'आवश्यक उच्च रक्तदाब', या नावात तो समज अजून शिल्लक आहे. लिव्हरपूलचे प्राध्यापक जॉन हे यांनी १९३१ मध्ये अशा अर्थाचे लिहिले होते, की वाढलेल्या दाबाचा सर्वांत मोठा धोका तो सापडण्यातच आहे, कारण मग कोणी तरी मूर्ख तो उतरवायला निघतो. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब १९३७ मध्ये १६२/९८ होता, १९४१ मध्ये १८८/१०५ झाला आणि त्यांचे डॉक्टर 'वयाच्या मानाने ठीक' म्हणत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हाचा आकडा होता ३००/१९०. आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांचा 'शंभर अधिक वय' हा हिशेब याच परंपरेतला. तेव्हा म्हणत, या वयात एवढा असायचाच. आज म्हणतो, या वयात असणे शक्यच नाही. दोन्ही वेळा उत्तर यंत्राला न विचारता जन्मतारखेला विचारले गेले.

शिवाय धोका 'पुढच्या दहा वर्षांत' मोजणे हीच तरुणांच्या बाबतीत फसवी पट्टी आहे. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या तीनशे अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी वय बावीस. वैद्यकीय चाळणीतून निवडलेली, धडधाकट मुले. त्यांच्यापैकी सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा होत्या. पन्नाशीत येणारा झटका विशीत पेरला जातो, हे तेव्हाच दिसले होते. अमेरिकेतच १९८५-८६ पासून १८ ते ३० वयाच्या पाच हजारांवर तरुणांचा मागोवा घेतला गेला. चाळिशीच्या आत ज्यांचा दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होता वा ज्यांना औषध सुरू होते, त्यांच्यात पुढच्या साधारण एकोणीस वर्षांत हृदयविकार-पक्षाघातासारख्या घटनांचे प्रमाण सामान्य दाबाच्या तरुणांच्या सुमारे साडेतीनपट निघाले. मोजायचे म्हणजे लगेच गोळी द्यायची असे कोण म्हणते? वरचा आकडा १४० ते १५९ च्या दरम्यान असलेल्या, इतर धोका नसलेल्या तरुणाला काही महिने मीठ, तंबाखू, वजन आणि झोप यांकडे पाहून पुन्हा मोजता येते. गोळीचा प्रश्न त्यातल्या थोड्यांपुरताच उरतो.

आणि एक गट असा आहे, की त्याला थांबायला वेळच नसतो. वयस्कांच्या तुलनेत तरुणांमधल्या वाढलेल्या दाबामागे दुसरा आजार दडलेला असण्याची शक्यता जास्त असते: मूत्रपिंडाचा विकार, त्याच्या धमनीचे आकुंचन, मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीची गाठ, महाधमनीचा जन्मजात अरुंदपणा, थायरॉइड. कंबरदुखीवर महिनोन्महिने खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्याही त्यात आल्या. लघवीची आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तातल्या क्रिएटिनिनची साधी तपासणी यातले पुष्कळ काही उघड करते. डायलिसिसच्या खाटेवरच्या पंचविशीतल्या मुलाला 'बीपी कधीपासून?' असे विचारले, की उत्तर येते, इथे आल्यावर कळला. मूत्रपिंडाने दाब वाढवला की दाबाने मूत्रपिंड गेले, हे तोपर्यंत डॉक्टरांनाही सांगणे कठीण झालेले असते.

आता 'जीवनशैली' या शब्दाकडे वळतो, कारण वडीलधाऱ्यांचा सगळा राग त्यात साठलेला आहे. शैली म्हणायला निवड असावी लागते. ऊसतोडीवरचे जेवण डोळ्यांसमोर आणा: पहाटे थापलेल्या भाकरी आणि ठेचा, फार तर लोणचे. भाकरीत मीठ नसते, पण ती घशाखाली उतरवायला जे लागते ते सगळे मिठाचे. भाजी परवडत नाही किंवा चिरायला वेळ नसतो, तिथे मीठ-मिरचीच भाजी होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते. फडात बसून हे कोणी कसे मोजावे? रात्री दोनला गाडी भरायला उठणाऱ्या मुलाला पुरेशी झोप घ्या म्हणणे ही थट्टा आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांत काम करणारा आणि लातूरच्या खोलीत चार वर्षे परीक्षेचे पुस्तक धरून बसलेला, दोघांचे जागरण हौसेचे नाही. तंबाखूचे मी समर्थन करत नाही, पण ती भूक मारते म्हणून गालात जाते, हे ज्याने फडातले काम पाहिले आहे त्याला माहीत आहे.

शिवाय गोष्ट जन्माच्याही आधी सुरू होते. ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडमध्ये कमी जन्मवजन आणि पुढच्या आयुष्यातला हृदयविकार यांचा संबंध दाखवला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि मुलांचा मागोवा घेत आहेत. त्यांना आढळलेली बाळे वजनाने हलकी, पण स्नायूंच्या मानाने चरबी राखून असलेली होती. गर्भात पोषण कमी पडले, की मूत्रपिंडातल्या गाळण्या संख्येने कमी तयार होतात आणि पुढे दाब चढायला वाट मिळते, अशी त्यामागची एक मांडणी आहे. हे मराठवाड्याला लावून पाहा. २०१२-१३ चा दुष्काळ, मग २०१५-१६ चा, ज्यात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षांत डोक्यावर हंडा आणि पोटात बाळ घेऊन चाललेल्या बायांची मुले २०३० पासून अठरा वर्षांची होऊ लागतील. त्यांनाही आपण वडापावच्या नावाने बोल लावणार आहोत का?

राहिला पैशाचा आणि माणसांचा आक्षेप. आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे, तिशीपुढच्यांच्याच गोळ्या वेळेवर मिळत नाहीत, त्यात ही भर कशाला? हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. घरोघरचे हे काम आशाताईंवर टाकू नये. तरुण आपण होऊन जिथे रांगेत उभे राहतात तिथे मोजावे: महाविद्यालयाचा प्रवेश, आयटीआय, भरती अकादमी, औद्योगिक वसाहतीचे फाटक, साखर कारखान्याचा तळ. दोन-तीन हजारांचे यंत्र, दोन मापांचे पट्टे आणि दोन वेगवेगळ्या दिवशी मोजायची शिस्त, एवढ्यावर सुरुवात होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने ठरलेली औषधे, ठरलेला क्रम आणि महिन्याची गोळी गावाजवळ, एवढ्या साधेपणावर रुग्ण टिकवता येतात हे दाखवले. महाराष्ट्रातले त्याचे पहिले जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. मराठवाडा पुढच्या टप्प्यात. याची आता सवय झाली आहे, म्हणून तक्रार आवरती घेतो.

पण वेळापत्रकाची एक तक्रार आवरती घेता येत नाही. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत कामाच्या वयाची माणसे गावात नसतात. हिवाळ्यात शिबिर भरवले, की मंडपात म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले येतात आणि अहवालात 'तरुणांचा प्रतिसाद अल्प' अशी नोंद होते. तरुण तेव्हा दोनशे-तीनशे किलोमीटरवर, दुसऱ्या जिल्ह्याच्या फडात असतो. तिथल्या आरोग्य केंद्राला तो आपला वाटत नाही आणि इथल्याला तो सापडत नाही.

सभामंडपातल्या त्या मुलाचे लग्न झाले. गेल्या दिवाळीआधी आशाताईंकडे गेलो होतो, तेव्हा त्याची बायको सातव्या महिन्यात होती आणि टोळीबरोबर जायचे की माहेरी, याचा खल चालला होता. ताईंनी तिचे माता-बाल संरक्षण कार्ड उघडून दाखवले. दर तपासणीला वजन, हिमोग्लोबिन, रक्तदाब. एकही रकाना रिकामा नव्हता. शेवटचा दाब १३४/८६ होता आणि त्याखाली ताईंनी लाल पेनाने रेघ ओढली होती. नवऱ्याचे काय, असे मी विचारले. त्यांनी पिशवीतून जुनी डायरी काढली, शेवटचे पान उघडले. तेच दोन आकडे, त्याच शाईत. तिसरा नव्हता.